करवतीचं दुसरं टोक

गोविंददादा सुतार यांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. त्यात मी चार ओळी लिहाव्यात असं समितीचे चिटणीस आमच्या दारात येऊन सांगून गेले. मी म्हटलं, "आवं, मी बिगरी आन् पयली शिकलेली बाई. मला काय लिवता येतंय?" ते म्हणाले, "आजी, दादांनी ज्यांची भांडणं मिटवली त्या सगळ्यांकडून आम्ही लिहून घेतोय. तुमचंही मिटवलं होतं ना?" मी म्हटलं, "मिटवलं हुतं खरं." त्यांनी चहा घेतला, "चांगलं चांगलं लिहा" म्हणाले आणि सायकलवर बसून गेले.

मी खरं तेवढं लिहिणार आहे. दादांच्या बाबतीत खऱ्यात चांगलं पुष्कळ आहे, ते येईलच. कडू आहे तेही येईल. चिटणीसांना नको असेल तर त्यांनी माझा कागद परत पाठवावा, अर्धा मात्र छापू नये.

आणखी एक सांगते. मी लिहिते आहे आणि माझी नात मंजुळा शेजारी पालथी पडून मला रेघा आखून देते आहे. सात वर्षांची आहे. पुढचे दोन दात पडलेत. तेही लिही म्हणते, म्हणून लिहिलं. तिचं हसू बघितलं की माझा हात थांबतो आणि काय लिहायचं ते विसरायला होतं. तरी आज विसरून चालायचं नाही. या लेखात जे काही आहे ते सगळं हिच्यापायीच आहे.

दादांची नि माझी पहिली ओळख पांगुळगाड्यावरून झाली. माझी लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली होती. नवव्या दिवशी ती गेली आणि ही पोरगी राहिली. हिचे वडील पलटणीत, समुद्रापलीकडं लढाईवर. मी विधवा बाई, घरात मी आणि माझा भाऊ. शेळीचं दूध, शेजारणीचं दूध, असं करत पोर वर्षाची केली. ती भिंतीला धरून उभी राहायला लागली तेव्हा मी कुंडलच्या बाजाराला गेले होते, तिथून वाकडी वाट करून शेजारच्या गावी दादांच्या सुतारमेटावर, त्यांच्या कामाच्या जागी, गेले. आमच्या गावचा सुतार नांगर करी, कुळव करी, पांगुळगाडा म्हटलं की हसायचा. दादा हसले नाहीत. पोर केवढी झाली, उंबरा केवढा आहे, अंगण दगडाचं का शेणाचं, एवढं विचारून घेतलं आणि आठ दिवसांनी या म्हणाले.

गाडा नेला तर त्याचं एक चाक कुरकुरायचं. मी परत घेऊन गेले. म्हटलं, "दादा, ह्यो वाजतुया. तेल सोडा, न्हाईतर चाक बदला." ते रंधा मारत होते, मान वर न करता म्हणाले, "वाजू द्या. तुमी चुलीपाशी आसणार. पोर कुठं गेली ते कळायला नगं?" मी गाडा तसाच घेऊन आले. खरंच, चूल फुंकताना पाठीमागं ती कुरकुर ऐकू आली की मला बरं वाटायचं. माणूस शहाणं आहे असं मी त्या दिवशी मनात म्हटलं. हे चांगलं लिहिलं.

आता त्यांचं काम सांगते. त्या वर्षांत आमच्या भागात चळवळीतली पोरं रानावनात लपून राहात होती आणि गावोगाव सांगून जात होती की सरकारच्या कोर्टात जायचं नाही, भांडणं गावात मिटवा. कुठं कुठं ती काठीनं मिटली, ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि मी ते लिहीत बसत नाही. दादांच्या मेटावर काठी नव्हती, करवत होती. दोन माणसांनी दोन टोकांना धरून ओढायची ती मोठी करवत. भांडणारे दोघं आले की दादा आधी त्यांना एका ओंडक्यावर लावायचे. बोलायचं नाही, ओंडका कापायचा. रागातला माणूस करवत ढकलायला जातो. ढकलली की ती वाकते, किंचाळते, लाकडात अडकून बसते. मग दादा उठून सांगायचे, "आपल्या पाळीला वढायची, दुसऱ्याच्या पाळीला हात सैल सोडायचा. जोर लावू नगा, तेच्या पाळीला जाऊ द्या तिला."

आमच्याच गावचे दोन चुलतभाऊ विहिरीच्या पाळीवरून कोयते घेऊन तिथं गेले होते. मोटेचं पाणी कुणी कोणत्या दिवशी घ्यायचं यावर तीन वर्षं भांडण चाललेलं. दादांनी त्यांच्याकडून बाभळीचा एक अख्खा बुंधा कापून घेतला. धाकटा घाम पुसत म्हणाला, "दादा, आमी भांडाय आलो हुतो, तुमी लाकडं फोडून घेतलीसा." दादा म्हणाले, "भांडा की. दम ऱ्हायला आसला तर भांडा." सगळं मेट हसलं. पाण्याची पाळी त्याच दिवशी ठरली आणि आजही तशीच चालू आहे.

करवतीनंतर दुसरा फेरा. दादा कुणालाच स्वतःचं गाऱ्हाणं सांगू द्यायचे नाहीत. समोरच्याचं गाऱ्हाणं तुम्ही सांगायचं. समोरचा "व्हय, ह्येच माझं दुखनं" म्हणेपर्यंत सांगायचं. मग त्यानं तुमचं. मग दादा निवाडा द्यायचे आणि दोघांना विचारायचे, कबूल का? दोघं कबूल म्हणाले की हातावर गुळाचा खडा. लिहून काही ठेवायचं नाही. कुणी कागदाचं नाव काढलं तर म्हणायचे, "मी येवढी गाडीची चाकं केली, एकाला तरी कागद चिकटावला का? लोखंडी धाव बसली की बसली." ज्या दिवशी निवाडा त्या दिवशी ते दोन्ही बाजूंच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. उन्हात चालून आलेले असले तरी नाही. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे आणि यात एक शब्द वाढवलेला नाही.

आता माझं.

पोर दोन वर्षांची झाली आणि माझे व्याही दौलतराव तिला न्यायला आले. व्याही भले माणूस, हे आधीच लिहिते. त्यांचं गाव नदीपलीकडं. पहिल्यांदा आले ते खण आणि साखर घेऊन आले, दुसऱ्यांदा शब्द घेऊन आले. "पोरगी आमच्या घरची हाय. आमच्या नावाची हाय." मी म्हटलं, "नाव तुमचं आसंल, हाडं माझ्या दुधभातानं झाल्यात." ते म्हणाले साताऱ्याला कोर्टात जातो. चळवळीतल्या पोरांच्या कानावर ते गेलं आणि निरोप आला, साताऱ्याला नाही, सुतारमेटावर जा.

आम्ही गेलो. ओंडका तयार होता. दादांनी करवतीचं एक टोक व्याह्यांना दिलं आणि दुसरं माझ्या भावापुढं केलं. मी म्हटलं, "भांडान माझं हाय, भाऊ कशाला वढील?" आणि पदर खोचून टोक धरलं. व्याही बिचारे इतके लाजले की त्यांना करवतीकडं बघायचं का माझ्याकडं ते कळेना. "आवं विहीनबाई, लोक काय म्हंतील." मी म्हटलं, "लोक म्हंतील, बाई नीट वढतीया." आणि खरंच मी नीट ओढली. त्यांच्या पाळीला हात सैल सोडला. करवत एकदाही अडकली नाही. दादा बघत होते. मला वाटलं, माझ्या बाजूनं झालं.

मग दुसरा फेरा. दादा व्याह्यांना म्हणाले, "विहीनबाईंचं गाऱ्हानं सांगा." व्याह्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, पुन्हा डोक्यावर ठेवलं. म्हणाले, "त्येंची लेक गेली. त्यास्नी वाईट वाटतंय." दादांनी दोनदा विचारलं, "आणिक?" ते म्हणाले, "आणिक काय, वाईट वाटतंय."

मग दादा माझ्याकडं वळले. आता मी अशी आहे की बोलायला लागले की मला थांबता येत नाही, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. आणि मला खोटं किंवा अर्धवट बोलायला येत नाही. मी सांगायला लागले. म्हटलं, व्याह्यांच्या घरी नऊ महिन्यांत लेकाचं पत्र नाही. माझी विहीण रोज एक भाकरी जादा थापते आणि कुणी विचारलं तर म्हणते, पीठ उरलं होतं. टपालवाला गल्लीत शिरला की ती उंबऱ्यावर येऊन बसते आणि तो पुढं गेला की वळचणीचं जळमट काढत असल्यासारखं करते. व्याही रोज संध्याकाळी चावडीवर लढाईची बातमी ऐकायला जातात आणि घरी येऊन सांगतात, आपल्या पलटणीचं काही नाही. खरं तर त्यांना पलटणीचं नावसुद्धा नीट सांगता येत नाही. उद्या तो पोरगा नाहीच आला तर त्या घरात त्याचं काय राहिलं? एक टोपी, आणि ही पोरगी. हिची हनुवटी त्याच्यासारखी आहे. विहीणबाई हिला बघायला आल्या होत्या तेव्हा सगळा वेळ हनुवटीवर बोट ठेवून बसल्या होत्या.

मी बोलत होते आणि व्याही रडत होते. "व्हय, ह्येच," एवढं म्हणाले. माझा सख्खा भाऊसुद्धा डोळे पुसायला लागला. मेटावरची सगळी माणसं खाली बघत होती.

दादांनी हातातला रंधा खाली ठेवला. मग म्हणाले, "चंद्राबाई, तुमी सांगितलासा त्याच्यापुढं मला काय सांगायचं ऱ्हात न्हाई. पोर त्येंच्याकडं जाऊ द्या. दर साल शिमग्यापास्नं बेंदरापतोर ती तुमच्याकडं यील. ह्यो शब्द. तुमाला कबूल हाय का?"

मी काय म्हणणार होते? माझ्याच तोंडानं मी माझी नात घालवली होती. एवढं सगळं सांगून झाल्यावर "न्हाई कबूल" म्हणायला तोंड कुठलं? मी कबूल म्हटलं. गुळाचा खडा हातावर ठेवला तो मी खाल्ला नाही. पदराला बांधून घरी आणला आणि मुंग्यांना घातला.

पांगुळगाडा व्याह्यांनी नेला नाही. पोर आता चालते, कशाला हवा, म्हणाले. तो माझ्या सोप्यात कोपऱ्यात राहिला.

पहिली दोन वर्षं शब्द पाळला गेला. शिमगा झाला की व्याही स्वतः खांद्यावर बसवून पोरीला आणायचे आणि बेंदराला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावून झाला की न्यायला यायचे. मग लढाई संपली आणि जावई परत आले. विहीणबाईंच्या जादा भाकरीला खाणारा आला, याचा मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. पण जावयांनी दुसरं लग्न केलं, सांगलीला नोकरी धरली, विश्रामबागेकडं घर केलं आणि पोरीला घेऊन गेले. शिमगा आला, पोर आली नाही. मी निरोप पाठवला. उत्तर आलं, शाळा आहे. सुट्टीत पाठवा म्हटलं. सुट्टी झाली, पाऊस लागला, बेंदूर झाला. पुढच्या वर्षी निरोपाला उत्तरसुद्धा आलं नाही.

मी दादांच्या मेटावर गेले. ते माझ्यासमोर उठून नदीपलीकडं व्याह्यांकडं गेले. दोनदा गेले. व्याही म्हणाले, "दादा, माझं पोरगं ऐकत न्हाई. त्ये म्हंतंय, शब्द बानं दिला, मी कुठं दिला? आन् आता लढाई बी संपली, चळवळ बी संपली. आता कोर्ट हाय की." दादा परत आले आणि मला म्हणाले, "बगू, हुईल." झालं काहीच नाही.

तेव्हा मी ज्या वाटेला जायचं नाही असं ठरलं होतं त्या वाटेला गेले. मोटारीनं कराड, कराडहून सातारा. एका वकिलांना गाठलं. ते ऐकून घेत होते, चांगले होते. म्हणाले, "बाई, लेखी काय आहे?"

"शब्द हाय."

"कुणापुढं दिला?"

"सगळ्या मेटापुढं."

"तो दाखवता येईल असा काही कागद?"

"शब्द कसा दावू?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "मुलगी बापापाशी आहे, तीही सांगली संस्थानात. तुम्ही इकडच्या मुलखात. हातात कागद नाही. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही." आणि मला बसायला खुर्ची दिली, तिच्यावर मी बसले नाही.

परत येताना मोटारीत मी ठरवलं. त्याच आठवड्यात शाळामास्तरांच्या घरी गेले आणि त्यांच्या मंडळींना म्हटलं, मला पुन्हा अक्षरं शिकवा. बिगरीत असताना जी आली होती ती चुलीत गेली होती. पन्नाशीची बाई पाटी घेऊन बसते म्हणून गल्लीतल्या बायका हसायला यायच्या. पहिला शब्द मी "मंजुळा" लिहिला. दुसरा "कबूल". तो दहा वेळा लिहिला आणि दहा वेळा पुसला. लोक म्हणतात चंद्राबाईला शिकायची हौस. हौस नव्हती. दादा, मी अक्षरं शिकले ती तुमच्यावरच्या रागानं शिकले.

मी साताऱ्याला जाऊन आले हे दादांना कळलं तसे ते एका दुपारी माझ्या दारात आले. मी बसा म्हटलं नाही. चहाही टाकला नाही. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आमच्या दाराची एक बिजागरी निखळली होती, ती बघितली, पिशवीतून हातोडी काढली आणि ती बसवत बसवत बोलले. माझ्याकडं बघून बोलणं त्यांना जमत नव्हतं.

"चंद्राबाई, माझं चुकलं."

मी ज्वारी पाखडायला घेतली.

"ज्याला दुसऱ्याचं दुख सांगता येतंय, त्येचंच जातंय माझ्या मेटावर. ज्याला सांगता येत न्हाई त्यो घिऊन जातोय. येवढी वर्सं मी ह्येच करत आलो, आन् मला वाटायचं न्याय करतोय." खिळा ठोकून झाला. "तवा मी तुमाला तुमचं सांगू दिलं न्हाई. आता सांगा."

मी म्हटलं, "आता कशाला?"

ते म्हणाले, "मी ऐकायला आलोय."

मी म्हटलं, "बिजागरी झाली आसंल तर जावा."

ते गेले. दार त्या दिवसापासून नीट लागतं.

त्यानंतर त्यांच्या मेटावर दोन गोष्टी बदलल्या. एक, निवाडा झाला की शाळामास्तरांना बोलावून तो लिहून ठेवायचा, दोघांचे अंगठे घ्यायचे. दुसरं, करवत झाली, समोरच्याचं गाऱ्हाणं झालं, की तिसरा फेरा. प्रत्येकानं स्वतःचं सांगायचं, आणि ज्यानं दुसऱ्याचं चांगलं सांगितलं त्याला दादा आधी बोलवायचे. या ग्रंथात बाकीचे लोक दादांच्या न्यायबुद्धीबद्दल लिहितील. त्यांनी त्या तिसऱ्या फेऱ्याबद्दल जरूर लिहावं. त्या फेऱ्यानं कितीतरी लोकांचं भलं झालं आहे. तो कुठून आला हे मात्र मी लिहिते, कारण ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

आणि मला दादांनी जे विचारलं होतं आणि मी सांगितलं नाही, ते आज इथं सांगते. पोर माझ्या हातात आली तेव्हा शेवंता आतल्या खोलीत निजवलेली होती आणि बायका तिला हळद लावत होत्या. मला रडायचं होतं. पण पोर बोट चोखत होती, तिला दूध हवं होतं, म्हणून मी शेळी पिळायला उठले. त्या दिवशी रडले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, पोरीला जुलाब होते. दोन वर्षं मला रडायला सवड झाली नाही. व्याही पोरीला घेऊन गेले आणि सोप्यात पांगुळगाडा उभा राहिला, तेव्हा मी रडले. दोघींसाठी एकदम रडले, आणि कुठलं रडणं कुणाचं ते मला वेगळं करता येईना. एवढंच माझं गाऱ्हाणं होतं. दादा, तुम्ही तेव्हा विचारलं असतं तर एवढंच सांगितलं असतं. फार वेळ लागला नसता.

आता यंदाचं. समितीचे लोक सत्काराचं ठरवायला दादांकडं गेले तेव्हा दादा म्हणाले, मला एक काम राहिलंय, ते झाल्याबिगर शाल घेणार नाही. आणि ते सांगलीला गेले. साठ वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, जावयांच्या दारात जाऊन बसले. जावई म्हणाले, "दादा, च्या घ्या, पर त्या बाबतीत बोलू नका." दादांनी चहा घेतला नाही. त्यांचा जुना नेम. म्हणाले, "मी काय बोलत न्हाई. तू बोल. तुज्या सासूचं गाऱ्हानं तू सांग." जावई घरात निघून गेले. दादा परत आले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला जावई दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तिची लेक गेली." दादा म्हणाले, "आणिक?" जावई म्हणाले, "लेकीची लेक बी मीच आणली." दादा म्हणाले, "आणिक?" जावई आत गेले आणि पोरीची पेटी भरायला लागले.

हे मला जावयांनीच सांगितलं. पोरीला घेऊन आले तेव्हा पत्र्याची पेटी सोप्यात ठेवली, टोपी हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आत्या, तीन सालं झाली. माझ्या ध्यानात न्हाई आलं." मी त्यांना जेवायला वाढलं. हनुवटी खरंच सारखी आहे.

पोरीनं मला पहिल्यांदा "आवो" म्हटलं. परक्या बाईला म्हणतात तसं. नमस्कार केला, लांब उभी राहिली. मी चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला लागले. थोड्या वेळानं पाठीमागं कुरकुर ऐकू आली. तिनं कोपऱ्यातला पांगुळगाडा काढला होता आणि त्यात आपली बाहुली उभी करून सोप्यात ढकलत होती. "आजे, ह्याला तेल का न्हाई घालत?" असं विचारलं. मी म्हटलं, "वाजू दे." बस, त्यानंतर आजीच चाललंय. आता तर माझ्या ताटातली भाकरी मोडून घेते, मला रेघा आखून देते आणि माझं लिहिणं वाकडं होतं म्हणून रागावते. असं सुख मी खूप दिवसांत बघितलं नव्हतं.

पण जावयांनी पाठवली आहे ती एका महिन्यासाठी. शब्द शिमग्यापासून बेंदरापर्यंतचा होता. पुढच्या सोमवारी ते न्यायला येणार. पुढच्या वर्षी पाठवतील का, हे मी विचारलं. म्हणाले, "बघू." दादाही पूर्वी असंच बगू म्हणाले होते, म्हणून त्या शब्दावर माझा भरवसा नाही.

म्हणून हा ग्रंथ हातात आला आहे तर त्याचा उपयोग करून घेते. वाचणाऱ्यांनी साक्षीदार समजावं. गोविंददादा सुतार यांच्या मेटावर सगळ्यांपुढं ठरलं ते असं: मंजुळा हिनं दर साल शिमग्यापासून बेंदरापर्यंत आपल्या आजोळी राहावं. दौलतराव कबूल. चंद्राबाई कबूल. शाळेची अडचण असेल तर आमच्या गावातही शाळा आहे, आणि लिहायला मीच शिकवीन. हे आता छापलं म्हणजे कागद झाला. साताऱ्याच्या त्या वकिलांच्या हाती हा ग्रंथ पडला तर त्यांनी हे पान जरूर बघावं.

दादा, तुमच्यावरचा माझा राग गेला असं मी लिहिणार नाही. तो आहे, आणि दाराची बिजागरीही आहे. दोन्ही मी रोज बघते. तुमच्याइतका सरळ माणूस मी दुसरा बघितला नाही, आणि माझं जेवढं नुकसान तुम्ही केलंत तेवढं कुठल्या वाकड्या माणसानं केलं नाही. दोन्ही खरं आहे. मेटावर करवत ओढली तेव्हा मी दोन्ही पाळ्या नीट सांभाळल्या होत्या, इथंही सांभाळते.

बाकीचे लोक तुमच्यासाठी शंभर वर्षं मागतील. मी हिशेबानं मागते. मंजू सात वर्षांची आहे. ती सतरा-अठराची होईल, सांगलीच्या मोटारीत आपलं आपण चढायचं का नाही हे तिचं ती ठरवील, तोवर तुम्ही हिंडते-फिरते राहायला हवं. मी तोवर असेन का नसेन. ओंडके आता दुसऱ्यांकडून उचलून घ्या. गुडघ्यांना निरगुडीचा पाला बांधा, डोळ्यांना ऊन लावून घेऊ नका, उपास कमी करा. पुढच्या शिमग्याला जावई आले नाहीत तर तुम्हाला जायचं आहे, आणि त्याच्या पुढच्यालाही. जाताना या वेळी माझ्याकडून चहा घेऊन जा, मी टाकीन. कागद मी केला आहे, चांगला छापून येईल, पण तो पेटीत पडून राहील. विश्रामबागेत जाऊन जावयाच्या दारात बसणं त्याला जमायचं नाही. ते तुम्हालाच जमतं, म्हणून देवानं तुम्हाला उदंड आणि धडधाकट आयुष्य द्यावं.

चंद्राबाई
(रेघा आखल्या मंजुळानं)